सांगड सोडताना

कस्तुरी गायकवाड खांबावर झेपावली, पळणारी पोरगी बाद झाली, मैदानभर टाळ्या पडल्या. त्या टाळ्या तिला आजतागायत आठवत नाहीत.

खो-खोच्या मैदानाच्या टोकाला लाकडी खांब रोवलेला असतो. एका हातानं त्याला विळखा घालायचा, दुसरा हात लांबवायचा आणि अंग झोकून द्यायचं, ही कस्तुरीची खासियत. परंड्यात म्हणायचे, पोरगी नाही, घार आहे. त्या दिवशी विळखा निसटला आणि कपाळ खांबाला लागलं. रक्ताचा थेंबसुद्धा नाही. ती उठली, गुडघ्यावरची माती झटकली आणि खेळाच्या मॅडमना म्हणाली, "आपली पाळी कधी हाय?"

"अगं, आत्ताच झाली की."

"बरं," ती म्हणाली. आणि लगेच, "मॅडम, आपली पाळी कधी हाय?"

मॅडमनी गाडी काढली.

हात मोडला तर गळ्यात झोळी येते, पाय मोडला तर काखेत कुबडी. डोक्याच्या आतला मार कुणाला दिसत नाही. कस्तुरीची दिवाळी अंधाऱ्या खोलीत गेली. पणतीचा उजेड टोचायचा, कुकरची शिट्टी दाभणासारखी आत शिरायची, आणि पुस्तक उघडलं की अक्षरं वारूळ फुटल्यासारखी सैरावैरा निघायची. तिची आई उज्ज्वला शेतांवर फवारणीचे ड्रोन उडवायची. सगळा तालुका तिला ड्रोनताई म्हणायचा. एरवी ही बाई बोलली की चार बांधांवर ऐकू जायचं. त्या दिवसांत ती चपला अंगणातच काढून मांजराच्या पावलानं घरात यायची, आणि कुजबुजत विचारायची, "माझ्या राणीला भात कालवू का?"

सोलापूरच्या डॉक्टर उबाळेबाईंनी मायलेकींना समोर बसवून समजावलं.

"वाळलेला नारळ हलवला की आत गोटा खुळखुळतो ना? मार लागला तेव्हा तुझा मेंदू कवटीत तसा हलला. फुटलं-तुटलं काही नाही. पण हिसक्यानं पेशींच्या भिंती क्षणभर ढिल्या झाल्या. आतले क्षार बाहेर गेले, बाहेरचे आत शिरले. आता प्रत्येक पेशी आपलं घर आवरत बसलीये. आवरायला ताकद लागते, साखर लागते. आणि नेमकं याच वेळी मेंदूला रक्त थोडं कमी पोचतं."

"म्हणजे घरात पसारा, आणि डब्यात पीठ नाही," उज्ज्वला म्हणाली.

"अगदी तसंच. अशा घरी पाहुणे आले तर काय होईल? शाळा म्हणजे पाहुणे. एकदम सगळे आले तर घरधनीण कोसळते. एकेक आले तर निभतं. म्हणून आधी रोज थोडा वेळ, मग अर्धी शाळा, मग पूर्ण."

"आणि मार्चची परीक्षा?"

"या वेगानं नाही झेपायची. जुलैला बसेल."

कस्तुरी दहावीत होती. मार्चनंतर तिच्या खो-खो संघातल्या सगळ्या मैत्रिणी लातूरच्या क्रीडा वसतिगृहात जाणार होत्या, एकाच खोलीत राहायचं ठरलं होतं, कुणाची खाट कुठली यावरून भांडणंसुद्धा होऊन गेली होती. जुलैत पास होणाऱ्याला त्या वर्षी तिथं जागा मिळत नसे. ती डोळ्यांवर हात ठेवून म्हणाली, "दुसरं कायच नाही का, बाई?"

डॉक्टरबाई म्हणाल्या, "आहे. सांगड आहे."

विहिरीत पोहायला शिकताना पाठीला वाळके भोपळे बांधत, त्याला सांगड म्हणतात. भोपळा पोहत नाही, पण पोहणाऱ्याला बुडू देत नाही. या नव्या उपकरणाला नाव ठेवणाऱ्यानं लहानपणी विहिरीचं पाणी नक्की प्यायलेलं असणार.

उपकरण म्हणजे दोन टिकल्या. एक दुखावलेल्या मुलाच्या कपाळावर, दुसरी त्याच्या जोडीदाराच्या. टिकलीतून डोळ्याला न दिसणारा, तांबड्याच्या पलीकडचा उजेड कातडी आणि हाड ओलांडून आत जातो, आणि मेंदूच्या कुठल्या भागात किती ताजं रक्त पोचतंय ते पाहून परत येतो. माणूस मन लावून ऐकतो तेव्हा त्या रक्ताला एक लय असते. भरते, ओसरते, पुन्हा भरते. जोडीदाराची ही लय टिपून दुसऱ्याच्या कानामागं बारीक स्पंदनं देऊन पोचवायची, एवढंच सांगडीचं काम. त्यातून ज्ञान जात नाही की विचार जात नाहीत. फक्त कुठं लक्ष द्यायचं आणि कुठं सोडायचं याचा ताल जातो. रानात एकट्यानं चालताना वाट शोधण्यातच जीव दमतो; कुणाच्या पाठोपाठ चालताना पाऊल तेवढं टाकायचं असतं. थकलेल्या मेंदूचं वाट शोधणं वाचतं, म्हणून तो शाळेचा पूर्ण दिवस पेलू शकतो.

"फक्त जोडी जुळायला हवी," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कुणाचीही कुणाशी जुळत नाही."

वर्गात चाचणी झाली. सगळ्यांनी धरूनच चाललं होतं की जुळणार श्रावस्तीशी. श्रावस्ती खो-खो संघातलीच, पण वर्गातही पहिल्या नंबरची; तिची मान फळ्यावरून हलली तर सरांनाच चुकल्यासारखं वाटायचं. पण श्रावस्तीबरोबर बसल्यावर यंत्रावर तांबडा दिवा लागला. इतर चार-पाच जणी बसल्या, तांबडाच. शेवटी खेळाच्या मॅडम म्हणाल्या, "अल्फियाला बसवून बघा."

वर्ग फिदीफिदी हसला. अल्फिया मुलाणी खिडकीजवळ बसायची आणि तिचं लक्ष कायम खिडकीबाहेर चरायला गेलेलं असायचं. तिथून येताना ते रिकामं येत नसे. ती ओव्या जुळवायची. लग्नघरच्या नवऱ्या तिच्याकडं उखाणे मागायला यायच्या, आणि गणिताच्या बारातेसरांवरची तिची ओवी तर आठवीपासूनच्या सगळ्या वर्गांना पाठ होती:

*कांडी फिरे सरांची, फळ्यावर झरझर,*
*एक्स काही सापडेना, शोधा गं घरोघर.*

अल्फिया बसली. हिरवा दिवा लागला, आणि लागलेलाच राहिला.

"आता काय म्हणायचं याला?" बारातेसर चष्मा पुसत म्हणाले.

डॉक्टरबाईंना नवल वाटलं नाही. या दोघी पाचवीपासून खो-खोच्या रांगेत शेजारी बसत होत्या. बसलेल्या खेळाडूनं मागं वळून बघायचं नसतं. पाठीवर हात पडला, 'खो' ऐकलं, की सुटायचं. अल्फियाचा हात पडेपर्यंत कस्तुरीचं अंग उठायच्या तयारीत असायचं. इतक्या वर्षांत त्या एकमेकींचा ताल शिकल्या होत्या, आणि तो शिकलोय हे दोघींनाही माहीत नव्हतं.

"घे," अल्फिया म्हणाली, "श्रावस्ती नापास, मी पास. हे माझ्या अम्मीला सांगा कुणीतरी."

कस्तुरी शाळेत परतली त्या दिवशी पोरांनी "आली आली, टिकलीवाली नवरी आली" म्हणून गलका केला. अल्फियानं एकाच्या पाठीत दप्तर हाणलं. मग वर्ग सुरू झाला आणि कस्तुरीला महिनाभरात पहिल्यांदा बरं वाटलं. सरांचं बोलणं, पंख्याची घरघर, बाकांचा खडखडाट, हे सगळं एकदम अंगावर धावून येत नव्हतं. कानामागं बारीकसं काही तरी चाललं होतं, झोपलेल्या वासराच्या श्वासासारखं. हे ऐक. आता सोड. आता हे ऐक. अक्षरं वारुळात परत येऊन शहाण्यासारखी रांगेत बसली.

दुपारी मात्र भूगोलाच्या तासाला कपाळात कळ उठली. असा ठणका, की तिनं डोकं बाकावर टेकलं. अल्फिया दचकून वळली.

"काय झालं गं?"

"काय की. एकदम... तू कुठं होतीस?"

अल्फियाचा चेहरा उतरला. बाहेर लिंबावर एक साळुंकी दुसरीला डाफरत होती, आणि तिच्या डोक्यात ओवीचा पहिला चरण येऊन बसला होता. तेवढ्यात तिची लय तुटली आणि वाट दाखवणारा मधेच गायब झाल्यावर मागच्याचं व्हावं तसं कस्तुरीचं झालं.

"पुन्हा नाही होणार," अल्फिया म्हणाली. आणि खरंच, पुन्हा झालं नाही.

मार्गशीर्ष आला. रानात हुरडा पेटला. कस्तुरी पूर्ण दिवस शाळा करू लागली, आणि कुणाच्या स्वप्नातही नव्हतं ते घडलं. अल्फियाचे गुण भराभर वाढले. सहामाहीत काठावर तरलेली पोरगी सराव परीक्षेत श्रावस्तीच्या मागोमाग आली. तिची अम्मी मुमताज गुळाच्या पोळ्यांचा डबा घेऊन कस्तुरीच्या घरी आली.

"उज्ज्वलाताई, तुमच्या पोरीला लागलं याचं वाईट वाटतंय. पण माझ्या पोरीचं नशीब उघडलं, हे पण खोटं बोलणार नाही."

"बोलूच नका. माझी शाळेत जायली, तुमची ध्यान द्यायली. दोघींचं सोनं झालं."

"मी तर म्हणते, ती टिकली आता कपाळालाच गोंदून टाका."

दोघी आया पोटभर हसल्या. कस्तुरीनं पोळी तुपात बुडवून खाल्ली. तिला वाटलं, आता लातूरची खाट पक्की.

पौषापूर्वी कस्तुरीच्या चुलत बहिणीचं, पल्लवीचं लग्न निघालं. हळद दळायला बायका जमल्या. जातं आता वर्षातून अशा एखाद्याच दिवशी मांडणीवरून उतरतं, आणि त्याला हळद लावून बायका पहिल्यांदा त्याचीच पूजा करतात. खुंट्याला दोघी बसल्या, पिवळी भुकटी जात्याच्या पाळीतून सांडू लागली, आणि नवरीच्या आत्यानं हाळी दिली, "अल्फे, ये गं! नवरीला नवी ओवी पाहिजे. जुनी चालायची नाही."

परंड्यातल्या आळीचा तसा रिवाजच पडला होता. कुणाच्याही पोरीची हळद असो, मुलाण्याची अल्फिया त्या पोरीच्या नावानं तिथल्या तिथं ओवी रचायची, आणि ती ओवी मग त्या घराचीच होऊन जायची. नवरी म्हातारी झाली तरी कुठली तरी सून ती म्हणेल, अशी.

अल्फियानं पदरासारखी ओढणी खोचली, खुंट्याला हात लावला. जात्याची घरघर सुरू झाली. एक फेरा, दुसरा फेरा. तिचे ओठ उघडले आणि तसेच राहिले.

"अगं, म्हण की!"

"म्हणते ना. हळदीचा रंग..." ती अडली. मग तिनं गेल्या वर्षी दुसऱ्याच घरी म्हटलेली ओवी म्हटली, नुसतं नाव बदलून:

*हळदीचा रंग बाई चढतो पायापाशी,*
*पल्लवीचं मन मागं आईच्या उंबऱ्याशी.*

बायकांनी 'वा गं बाई' म्हटलं. कुणाच्या ध्यानात आलं नाही. पण पल्लवीनं खाली मान घातली, कारण गेल्या वर्षी त्या दुसऱ्या हळदीला ती हजर होती. आणि कस्तुरी तर होतीच.

न्हाणीमागं हात धुताना तिनं अल्फियाला गाठलं. "काय झालं गं?"

"कुठं काय. सुचलं नाही."

"तुला? तुला तर शिंक आली तरी यमक जुळून यायची."

अल्फिया हसली, पण डोळे नाही हसले. हाताची हळद निघत नव्हती, ती चोळत राहिली. "खरं सांगू? आता येतच नाही काही. पहिल्यांदा यायचं तेव्हा मी आत ढकलायची. म्हटलं, तुझं डोकं ठणकेल. आत्ता नको, शाळा सुटल्यावर ये. मग शाळा सुटल्यावर पण येईना. आता तर खिडकीबाहेर बघितलं तरी नुसता लिंब दिसतो."

"लिंब तर लिंबच दिसणार."

"नाही गं," अल्फिया हळूच म्हणाली. "नुसता लिंब."

कस्तुरी दुसऱ्या दिवशी आईबरोबर तपासणीला गेली तेव्हा तिनं डॉक्टरबाईंना सरळ विचारलं. पडद्यावर तिच्या मेंदूचा आलेख होता, सगळा हिरवागार.

"बाई, यात अल्फियाचं काय दिसतं?"

"तिचं लक्ष दिसतं. उत्तम आहे."

"आणि लक्ष नसतं तेव्हाचं?"

डॉक्टरबाईंनी खुर्ची वळवली. पुढचं त्यांनी जरा सावकाश सांगितलं. मन कामातून सुटतं तेव्हा मेंदू निजत नाही, त्याचं दुसरंच एक जाळं जागं होतं. आठवणी, माणसं, ऐकलेलं, न झालेलं, सगळं ते जाळं एकमेकांना चिकटवून बघतं. बहुतेक चिकटत नाही. कधी चिकटतं, तेव्हा आपण म्हणतो सुचलं. "पण सांगडीच्या दृष्टीनं ते जाळं म्हणजे गोंगाट. आमचं यंत्र तो गाळून टाकतं. आणि जोडीदार हळूहळू तो स्वतःच गाळायला शिकतो."

"मग परत येतं का?"

"बंद केलं की बहुतेकांचं यावं, असं मला वाटतं. अजून चालू ठेवलं तर किती दिवसांनी येईल, ते मला माहीत नाही, कस्तुरी. कुणालाच नाही. पाच वर्षांचं तर यंत्र आहे."

कस्तुरीनं कपाळावरची टिकली नखानं सोडवली आणि टेबलावर ठेवली.

"ए!" उज्ज्वलाचा आवाज चार बांधांचा झाला. "काय करायलीस? बाई, ही लहान हाय, तिचं ऐकू नका."

"आई, मी झेप घेतली. माझा हात निसटला. अल्फीनं काय केलं?"

"तिचं पण चांगलंच व्हायलंय की! तिची अम्मी पोळ्या घेऊन आली होती ना? वर्ष जाईल तुझं, वर्ष!"

"जाऊ दे की आई, कुठं जातंय. जुलैला माघारी यायलंय."

परतीच्या गाडीत उज्ज्वला खिडकीकडं तोंड करून बसली. बार्शी गेल्यावर मात्र तिनं पिशवीतून संत्रं काढलं, सोललं आणि एकेक फोड लेकीच्या हातावर ठेवत गेली.

खरी लढाई दुसऱ्या दिवशी शाळेत झाली. अल्फिया टिकली लावून बसली होती. कस्तुरीचं मोकळं कपाळ बघून ती उभीच राहिली. मधली सुट्टी होईपर्यंत तिनं दम धरला, मग मैदानावर ओढत नेलं.

"मला विचारलंस?"

"नाही."

"डोकं माझं, ओव्या माझ्या. द्यायच्या का ठेवायच्या, ते मी ठरवीन! तू कोण गं मोठी दानशूर लागून गेलीस? मी काय तुझ्यावर उपकार करत होते? लातूरला मला एकटीनं जायचंय का?"

कस्तुरीला तोंड उघडायचं होतं, पण उन्हामुळं डोळ्यांपुढं काजवे आले. सांगडीशिवाय सकाळ काढली होती आणि डोकं रिकाम्या हंड्यासारखं वाजत होतं. ती मातीतच बसली. अल्फियाही बसली, रागानं, पाठ करून. योगायोगानं तोंडं उलट दिशांना, रांगेत बसतात तशीच.

"अल्फे," थोड्या वेळानं कस्तुरी म्हणाली, "तू खो दिलास."

"मग?"

"खो दिल्यावर देणारीनं बसायचं असतं. माझ्याबरोबर तू पण पळायलीस. फाऊल व्हायलाय तुझा."

अल्फियानं बोटानं मातीत एक रेघ ओढली. मग म्हणाली, "नियम नको शिकवूस मला. कप्तान मी होते." आवाज भिजलेला होता. तिनं कपाळावरची टिकली काढली आणि दप्तराच्या खिशात टाकली.

मुमताजनं आठवडाभर गायकवाडांच्या घरासमोरून जाताना मान फिरवली. अल्फियाचे गुण उतरले, पण पहिल्याइतके नाहीत. लक्ष कसं धरायचं ते तिला कळलं होतं, फक्त आता ते सोडायचीही मुभा होती. कस्तुरीची शाळा अर्ध्यावर आली. मधली सुट्टी झाली की दप्तर आवरून घरी. सुरुवातीला तिला फाटकापर्यंतचं अंतर लाजेनं लांब वाटायचं. मग सवय झाली. टिकली नव्हती, त्यामुळं आपला मेंदू भरत आलाय हे तिचं तिलाच ओळखावं लागायचं. ठणक्याच्या बऱ्याच आधी मानेत एक जडपणा उतरतो, ओल्या ओढणीसारखा, हे तिला कळलं. तो आला की थांबायचं. थांबलं की तो जायचा. पूर्वी ती थांबायची नाही, म्हणून तो आहे हेच तिला ठाऊक नव्हतं.

माघात एका सकाळी बारातेसर प्रमेय शिकवत होते. कस्तुरीनं हात वर केला. "सर, पुन्हा एकदा सांगता का? सावकाश."

"तिसऱ्यांदा होईल, बाई."

"होऊ द्या की सर."

सर मुकाट्यानं फळ्याकडं वळले. तेवढ्यात खिडकीजवळून, कुणाला ऐकू जावं असा काही हेतू नसल्यासारखी, पण सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशी एक ओवी आली:

*सखीचं माझ्या डोकं, तव्यावरली भाकर,*
*फुगू द्या गं सावकाश, घाई करता खापर.*

वर्ग फुटला. बारातेसर रागावायचं म्हणून वळले आणि त्यांनाच हसू आलं. अल्फिया मात्र हसत नव्हती. ती स्वतःच्याच तोंडाकडं हात नेऊन बसली होती, हरवलेलं मांजर अंगणात दिसावं तशी.

मार्चमध्ये बाकीच्या सगळ्या जणी परीक्षेला बसल्या, जूनमध्ये लातूरला गेल्या. निघताना अल्फिया म्हणाली, "तुझ्या खाटेवर श्रावस्ती झोपणार हाय. ती घोरते." कस्तुरी म्हणाली, "मग पुढच्या वर्षी तिला खाली झोपव." एसटी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ती उभी राहिली, मग घरी येऊन अभ्यासाला बसली. मानेत जडपणा आला तेव्हा थांबली. गेला तेव्हा पुन्हा बसली.

जुलैत परीक्षेच्या दालनात ओळखीचं कुणी नव्हतं. गणिताचा पेपर होता. पहिली पानं सरसर गेली. मग एक आकृती आली, वर्तुळ आणि त्याला टेकलेल्या दोन रेषा, आणि कस्तुरीला वाटलं, हे आपल्याला येतं. पण मानेवर ओली ओढणी पडली होती. तिनं पेन खाली ठेवलं, दोन्ही तळहात बाकावर पालथे टाकले आणि डोळे मिटले. आजूबाजूला कागद सळसळत होते, घड्याळ चाललं होतं. तिनं दोन्हींना चालू दिलं.

पर्यवेक्षक मॅडम जवळ येऊन थांबल्या. वाकून म्हणाल्या, "काय गं बाळ, येत नाही का?"

कस्तुरीनं डोळे उघडले नाहीत. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं.

"यायलंय, मॅडम. येऊ द्या."